आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : संकेतस्थळ मंद का होते?

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने आमच्या भागातील एका संस्थेने काही वर्षांपूर्वी शालेय विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन प्रश्नमंजूषा सुरू केली. सत्तरी-पेडण्यापासून खानापूर-निपाणीपर्यंतच्या शाळांनी नावे नोंदवली. म्हणी, वाक्प्रचार, संतांची गावे, कवींची टोपणनावे असे २० प्रश्न, आणि सुरुवात सर्वांना एकाच वेळी, सकाळी ११ वाजता. पहिल्या वर्षी दोन-तीन मिनिटांतच सारे जागच्या जागी थिजले. कुणाच्या पडद्यावर पांढरे पान, कुणाच्या पडद्यावर गोल फिरणारे चक्र. दुपारी संस्थेने दिलगिरीचे पत्रक काढले. दुसऱ्या वर्षी ग्रंथखरेदीसाठी राखून ठेवलेल्या रकमेतून पैसे काढून चौपट क्षमतेचा सर्व्हर भाड्याने घेण्यात आला. ११ वाजले आणि पुन्हा तेच झाले.

तिसऱ्या वर्षीच्या पूर्वतयारीच्या बैठकीला मला बोलावणे आले, कारण माझी बरीच वर्षे मंदावलेल्या संकेतस्थळांची दुखणी शोधण्याच्या नोकरीत गेली आहेत. बैठकीत प्रत्येकाकडे कारणही तयार होते आणि उपायही. कोषाध्यक्ष म्हणाले, सर्व्हर अजून लहानच पडतो. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, खेड्यातल्या शाळांचे इंटरनेटच धड नसते, त्याला आपण काय करणार? तिसऱ्या सदस्यांचे म्हणणे मात्र मला जिव्हारी लागले. ते म्हणाले, देवनागरी युनिकोडमुळे मजकूर जड होतो. प्रश्न इंग्रजीत असते तर ही वेळ आली नसती.

गंमत अशी की दोन वर्षांत तीन निदाने झाली होती, एका निदानावर पैसेही खर्च झाले होते, पण कुणी काही मोजलेले नव्हते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातला प्रकार.

विद्यार्थ्याने ‘पुढचा प्रश्न’ या बटणावर बोट ठेवल्यापासून प्रश्न पडद्यावर उमटेपर्यंत काय काय घडते, ते आधी पाहू. फोन किंवा संगणकातील ब्राउझर एक विनंती पाठवतो. ती टॉवरवरून, तारांतून प्रवास करत सर्व्हरपर्यंत पोहोचते. तिथे एक आज्ञावली तिला हाती घेते. ही आज्ञावली स्वतः फारसे काही साठवून ठेवत नाही. प्रश्न, उत्तरे, विद्यार्थ्यांची नावे हे सगळे डेटाबेसच्या ताब्यात असते. म्हणून ती डेटाबेसला एकामागून एक प्रश्न विचारते, मिळालेल्या उत्तरांतून पान रचते आणि परत पाठवते. मग ब्राउझर त्या पानाला लागणारी चित्रे, अक्षरवळण, सजावट मागवतो आणि पान रंगवतो. यातील कुठल्याही टप्प्यावर वेळ गेला तरी विद्यार्थ्याला दिसते ते एकच, फिरणारे चक्र. ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही. कपाळाला हात लावून त्यातला फरक कळत नाही.

पहिली विभागणी घरबसल्या करता येते, आणि ती शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी एकदा तरी करून पाहावी. संगणकावर ब्राउझर उघडून एफ १२ ही कळ दाबली की एक खिडकी उघडते. तिच्यातील ‘नेटवर्क’ या भागात पानाने मागवलेली प्रत्येक वस्तू एका ओळीत दिसते आणि ओळीपुढे आडवी पट्टी असते. पट्टीचा एक भाग सांगतो की सर्व्हरकडून पहिले अक्षर येईपर्यंत किती थांबावे लागले, आणि दुसरा सांगतो की वस्तू उतरवून घ्यायला किती वेळ लागला. पहिला भाग लांबलचक असेल तर बहुधा दुखणे सर्व्हरच्या बाजूला असते. दुसरा लांब असेल तर वस्तू जड आहे किंवा वाट अरुंद आहे. एवढ्याने रोग कळत नाही, पण तो पोटात आहे की छातीत, एवढे कळते.

या चाचणीत देवनागरी लगेच निर्दोष सुटली. आरोपात तथ्य अगदीच नाही असे नाही. युनिकोड मजकूर साठवण्याच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. आपला ‘क्ष’ म्हणजे आतून क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे. त्याला ९ बाइट लागतात. पण अडीच हजार शब्दांचा आख्खा मराठी लेखसुद्धा यामुळे फार तर ५० किलोबाइटच्या आसपास जातो, आणि सर्व्हर तो पाठवताना दाबून बराच लहान करतो. फोनवर काढलेले एक छायाचित्र सहज ३-४ मेगाबाइटचे असते. म्हणजे संस्थेच्या मुखपृष्ठावर अध्यक्षांचे, न आटोपलेले, जसेच्या तसे चढवलेले जे छायाचित्र होते, त्यात अशा लेखांचे एक जाडजूड पुस्तक मावले असते. प्रश्नाच्या पानावर तर चार ओळींचा मजकूर होता.

अक्षरवळणाची फाइल हा मात्र खरा मुद्दा आहे. जोडाक्षरांच्या आकृत्यांमुळे देवनागरी फाँट इंग्रजीपेक्षा मोठे असतात. ते हलके करण्यासाठी ‘न लागणाऱ्या’ आकृत्या काढून टाकायचा उत्साह काही जण दाखवतात आणि मग ‘द्व’, ‘ह्म’ ही जोडाक्षरे हलन्तासह सुटी दिसू लागतात. फाँट आधुनिक दाबलेल्या स्वरूपात ठेवावा आणि ब्राउझरला तो जपून ठेवू द्यावा. तो एकदाच उतरतो.

खेड्यातले इंटरनेटही सुटले. सर्व्हर प्रत्येक विनंतीची नोंद ठेवतो. कोणती वस्तू मागितली, केव्हा मागितली हे त्यात असते, आणि तशी सोय करून ठेवली असेल तर किती वेळ लागला हेही. दुसऱ्या वर्षीच्या नोंदी सुदैवाने शिल्लक होत्या. ११ वाजून ५ मिनिटांनी एकाच शाळेच्या जोडणीवरून दोन गोष्टी मागितल्या गेल्या होत्या. संस्थेचे बोधचिन्ह क्षणात गेले. प्रश्नाचे पान ३० सेकंद अडकून शेवटी चूक म्हणून परतले. वाट तीच, घटका तीच. वाट खराब असती तर बोधचिन्हही अडखळले असते.

ही नोंद पाहिल्यावर मी सत्तरीतल्या एका शाळेत फोन केला. तिथल्या बाईंनी दोन्ही वर्षे संगणक कक्षात सहा संगणकांपुढे मुलांना आळीपाळीने बसवले होते. दोन्ही वर्षे पान उघडले नाही, आणि दोन्ही वर्षे त्यांनी संस्थेकडे तक्रार केली नव्हती. ‘‘मला वाटलं आमचंच नेट गेलं. मुलांना तसंच सांगितलं. एक मुलगी महिनाभर म्हणी पाठ करून आली होती, तिला म्हटलं, आपल्या गावचं असंच असतं गे,’’ त्या म्हणाल्या. तक्रारींची पत्रे आली होती ती बहुतेक शहरांतल्या शाळांची. त्यांना आपले इंटरनेट चांगले असल्याची खात्री होती.

आता मुख्य निदान. कुठलेही यंत्र मंद वाटते तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर ते कामात बुडालेले असते, किंवा ते कशाची तरी वाट पाहत असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. आतून त्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. बँकेत तुमच्यापुढे माणूस नसताना कारकून तुमचे काम सावकाश करतो आहे, हा एक उशीर. कारकून चपळ आहे, पण साहेबांची सही यायची आहे, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात कारकून चौपट केले तर काय होईल? सहीसाठी साहेबांच्या दाराशी चौपट माणसे उभी राहतील.

म्हणून गर्दी उसळलेली असताना सर्व्हरचा प्रोसेसर किती व्यग्र आहे, हे पाहणे फार महत्त्वाचे. अडचण अशी की २७ फेब्रुवारी वर्षातून एकदाच येतो, आणि रात्री ११ ला एकट्याने संकेतस्थळ उघडून पाहिले तर ते छान पळते. एकट्या माणसाची रांग होत नाही. यासाठी कृत्रिम गर्दी निर्माण करावी लागते. ॲपाची जेमीटर नावाचे मोफत साधन हे काम करते. खऱ्या संकेतस्थळाची एक प्रत वेगळी उभारून आम्ही तिच्यावर मिनिटाला ३००० विनंत्या सोडल्या. संकेतस्थळ हुबेहूब २७ फेब्रुवारीसारखे कोसळले. आणि त्या क्षणी चौपट क्षमतेचा तो प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसून होता. मेमरी मोकळी होती, डिस्क शांत होती. सर्व्हर कामात नव्हता. तो वाट पाहत होता.

इथे रांगांच्या गणिताबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. या गणिताचा पाया डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी घातला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना त्यांना प्रश्न पडला की अमुक इतके ग्राहक असतील तर किती तारा आणि किती जोडणी करणाऱ्या मुली लागतील. १९०९ साली त्यांचा या विषयावरचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा संगणक नव्हते. पण संकेतस्थळांना आज तेच गणित लागू पडते.

समजा, एका खिडकीवर एका कामाला सरासरी ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २५ कामे होतात. माणसे ठरवून येत नाहीत, कधी तीन एकदम येतात, कधी कुणीच येत नाही. अशा वेळी खिडकी निम्मा वेळ व्यग्र असेल तर रांगेसह एकूण वेळ साधारण ८० मिलिसेकंद होतो. खिडकी ८० टक्के व्यग्र झाली की २००. ९० टक्क्यांना ४००. ९५ टक्क्यांना ८००. ९९ टक्क्यांना ४ सेकंद. काम तेच, ४० मिलिसेकंदांचे. बाकी सगळी प्रतीक्षा. म्हणूनच संकेतस्थळे हळूहळू मंद होत नाहीत. कालपर्यंत ठीक चाललेले असते आणि आज दहा टक्के गर्दी वाढताच कोसळते. आणि गर्दी २५ च्या वर गेली, तर हे सूत्रही संपते. रांग नुसती वाढतच जाते. मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० विनंत्या. खिडकीतून सुटणार २५. एका मिनिटात रांगेत १५०० जण उभे, आणि त्यांतल्या शेवटच्याला आणखी एक मिनिट थांबणे आले. ३० सेकंदांनंतर सर्व्हर विनंती सोडून देत असेल तर निम्मी रांग नुसती चूक घेऊन परत जाईल. त्यात अधीर झालेली मुले पान पुन्हा पुन्हा ताजे करतात. त्यांना वाटते जुनी विनंती रद्द झाली. सर्व्हरला बहुधा ते कळत नाही. तो जुनीही पुरी करत बसतो आणि नवीही रांगेत घेतो.

मग हे संस्थेला आधीच का दिसले नाही? सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने दोन्ही वर्षी अहवाल पाठवला होता. त्यात त्या दिवसाचा सरासरी प्रतिसाद एका सेकंदाच्या आत होता. अहवाल खोटा नव्हता. १०० विनंत्यांपैकी ९५ जणींना ०.२ सेकंद लागले आणि ५ जणींना १० सेकंद, तर सरासरी येते ०.६९ सेकंद. आकडा देखणा, पण असा अनुभव शंभरातल्या एकालाही आलेला नाही. त्यातून हा आकडा पूर्ण २४ तासांचा, रात्रीच्या रिकाम्या वेळेसह, आणि बोधचिन्हासारख्या झटपट जाणाऱ्या वस्तूंसह काढलेला. वर्गाची सरासरी ६५ आली म्हणून कुणी नापास नाही असे आपण शिक्षक म्हणत नाही. संकेतस्थळाबाबतही उतरत्या क्रमाने पाहावे : शंभरातल्या सर्वांत मंद पाच जणींना किती लागले, सर्वांत मंद एकीला किती लागले. गूगलचे जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ साली लिहिलेल्या एका लेखात या शेपटाचे महत्त्व दाखवले आहे. एका सर्व्हरची शंभरातली एकच विनंती मंद असेल, पण एक पान तयार करायला अशा १०० सर्व्हरांची उत्तरे लागत असतील, तर १०० पानांपैकी सुमारे ६३ पाने मंद होतात. शंभरात एक म्हणजे दुर्मीळ, ही समजूत मोठ्या संकेतस्थळांवर टिकत नाही.

प्रोसेसर रिकामा आणि रांग लांब, म्हणजे कुठेतरी सही अडली होती. आम्ही कृत्रिम गर्दी पुन्हा सोडली आणि ऐन भरात डेटाबेसलाच विचारले की या क्षणी तुझ्याकडे कोणकोणती कामे चालू आहेत. प्रत्येक प्रचलित डेटाबेसमध्ये अशी यादी पाहण्याची सोय असते. यादी आली. शंभराच्या वर ओळी, आणि एक सोडून सगळ्यांपुढे एकच शेरा, प्रतीक्षेत. सगळ्यांच्या हातात एकच काम होते. ते प्रश्न आणण्याचे नव्हते की उत्तर नोंदवण्याचेही नव्हते. ते होते ‘भेटसंख्येत १ मिळवा’.

प्रत्येक पानाच्या तळाशी संस्थेने हौसेने एक पाटी लावली होती : ‘आपण आमचे अमुकावे वाचक आहात.’ तो आकडा डेटाबेसमध्ये एका तक्त्यात, एकाच ओळीत ठेवलेला. प्रत्येक पान उघडताना त्यात १ मिळवला जाई. आता दोन पाने एकदम उघडली आणि दोघांनीही ४९९९ वाचून ५००० लिहिले तर एक भेट बुडेल. तसे होऊ नये म्हणून डेटाबेस ती ओळ बदलणाऱ्याच्या हाती देतो आणि त्याचे संपूर्ण काम पुरे होईपर्यंत तिला कुलूप घालतो. यात डेटाबेसचे काही चुकत नाही. चूक आज्ञावलीच्या क्रमात होती. ती आधी भेटसंख्या वाढवत असे, मग विद्यार्थी ओळखत असे, प्रश्न आणत असे, मागचे उत्तर नोंदवत असे, आणि सगळे झाल्यावर ‘व्यवहार पूर्ण’ असे सांगत असे. म्हणजे कचेरीतला एखादा कारकून आवक-जावक नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि वही खाली न ठेवता, काखेत मारून, कागद सगळ्या टेबलांवर फिरवून आणतो, तसे. बाकीचे वहीची वाट पाहत उभे. या फेरीला सुमारे ४० मिलिसेकंद लागत. सेकंदाला २५. सर्व्हर चौपट केल्याने ४० चे ३५ झाले असतील, तरी २८. एकाच वहीची रांग यंत्र मोठे करून हटत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती मी बैठकीत थोड्या संकोचानेच सांगितली. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्या दोन्ही वर्षी ‘गौरव दिनी संकेतस्थळाला विक्रमी भेटी’ असे ठळक छापलेले होते. त्या भेटी बव्हंशी पांढरे पान पुन्हा पुन्हा ताजे करणाऱ्या मुलांच्या होत्या.

रांग दाराशी दिसते आणि दोष आत भलतीकडे असतो, ही गोष्ट फक्त लहान संस्थांची नाही. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्यविमा घेण्यासाठीचे सरकारी संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, सुरू झाले. मागे प्रचंड खर्च होता, मोठमोठ्या कंपन्या होत्या. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करू शकलेल्यांची संख्या होती ६. कारणे अनेक होती. त्यांतले एक आपल्या विषयाच्या फार जवळचे आहे. विम्याच्या योजना नुसत्या पाहायच्या असल्या तरी आधी खाते उघडणे सक्तीचे ठेवले होते. त्यामुळे ज्यांना केवळ चौकशी करायची होती तेही सगळे एकाच चिंचोळ्या दारात अडकले. दुकानात शिरण्याआधीच प्रत्येकाचे आधारकार्ड तपासायचे ठरवल्यासारखे. त्याहून मोठी उणीव म्हणजे आत काय चालले आहे, कोणता भाग किती वेळ घेतो आहे, हे एका दृष्टिक्षेपात दाखवणारा फलकच चालवणाऱ्यांपुढे नव्हता. पुढे मदतीला आलेल्या अभियंत्यांनी आधी मोजमापाची व्यवस्था बसवली, मग दुरुस्त्या केल्या. ऑक्टोबरअखेर एका पानाला सरासरी सुमारे ८ सेकंद लागत होते. १ डिसेंबरच्या सरकारी अहवालात तो वेळ एका सेकंदाच्या आत आलेला दिसतो. सरासरीचे दोष मी वर सांगितलेच आहेत, पण इथला फरक एवढा मोठा आहे की सरासरीलाही तो लपवता आला नाही.

आमच्याकडे दुरुस्ती सोपी होती. अवघड होते ते मन वळवणे. ‘‘गणक काढून टाका’’ असे मी म्हणताच कार्यवाह अस्वस्थ झाले. ‘‘अहो सर, अनुदानाच्या अहवालात भेटींचा आकडा मागतात. तो कुठून देऊ?’’ प्रश्न रास्त होता. आकडा काढायची गरज नव्हती. सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक विनंती लिहिलेली असतेच, त्यावरून तो रात्री निवांत काढता येतो. पण पाटी हवीच असेल तर भेटी मेमरीत गोळा कराव्यात आणि मिनिटातून एकदाच डेटाबेसमध्ये मिळवाव्यात. मध्येच वीज गेली तर एका मिनिटाच्या भेटी बुडतील, एवढे मान्य करावे लागते. तेवढे मान्य झाले.

वही मोकळी झाल्यावर पुन्हा गर्दी सोडली, आणि दुसरी रांग दिसू लागली. हे नेहमीचेच आहे. धरणाचा एक दरवाजा उघडला की पाणी पुढच्या बंधाऱ्याशी तुंबते. सगळ्यांना तेच २० प्रश्न मिळणार होते, तरी आज्ञावली ते दर वेळी डेटाबेसकडून मागत होती. आणि प्रत्येक प्रश्नाचे चार पर्याय चार वेगळ्या हेलपाट्यांनी. मीठ, मोहरी, हळद, जिरे यांसाठी वाण्याकडे चार फेऱ्या घालाव्यात तसे. एक एक फेरी इतकी छोटी असते की मंद कामांच्या नोंदीत ती कधीच येत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तर मंद कामाची मर्यादा मुळातच १० सेकंद ठेवलेली असते. ती कमी केली नाही तर ९ सेकंद घेणारे कामही ‘मंद’ ठरत नाही. प्रश्न एकदाच आणून मेमरीत ठेवले आणि हा भाग मिटला.

तिसरी रांग शोधपेटीची. प्रश्नमंजूषेच्या जोडीला संस्थेचा म्हणींचा कोश त्याच डेटाबेसवर होता, आणि स्पर्धेच्या वेळी मुले त्यात उत्तरे शोधत (हे नियमात बसते की नाही, ते परीक्षक जाणोत). शोध ‘शब्दात कुठेही ही अक्षरे असली तरी दाखवा’ असा लिहिलेला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘पा’ने सुरू होणारे शब्द शोधायला आपल्याला अर्धे मिनिट पुरते, कारण शब्द अक्षरक्रमाने लावलेले आहेत. पण ‘पण’ने संपणारे सगळे शब्द काढायचे ठरवले तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे लागेल. डेटाबेसचेही तसेच आहे. त्याची सूची शब्दाच्या सुरुवातीपासून लावलेली असते. मधले किंवा शेवटचे अक्षर देऊन शोधायला सांगितले की ती सूची निरुपयोगी ठरते आणि तो सगळा कोश पहिल्यापासून वाचतो. प्रत्येक मुलासाठी, पुन्हा पुन्हा.

यात मराठीची एक खास मेख आहे. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. संस्थेच्या कोशात दोन्ही प्रकार होते, कारण मजकूर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कळफलकांवर टंकला होता. शोध फसतो अशी तक्रार आल्यावर कुणीतरी उपाय केला होता : शोधाच्या वेळी कोशातील प्रत्येक शब्द आधी एका साच्यात आणायचा आणि मग तुलना करायची. उत्तर बरोबर येऊ लागले. पण प्रत्येक शब्द बदलून पाहायचा म्हटल्यावर तयार सूची पुन्हा वाया गेली. खरा उपाय म्हणजे शब्द साठवतानाच एका साच्यात आणणे आणि शोधलेला शब्दही त्याच साच्यात घालणे. ज्या संस्था कोश, सूची, हस्तलिखितांच्या याद्या संगणकावर चढवत आहेत त्यांनी हे पहिल्याच दिवशी ठरवावे. लाखभर नोंदी झाल्यावर ते करणे जिकिरीचे असते. शक्य आहे, पण जिकिरीचे.

तिसऱ्या वर्षी आम्ही भाड्याचा मोठा सर्व्हर सोडून पहिल्या वर्षीच्याच क्षमतेचा घेतला. उरलेले पैसे ग्रंथखरेदीकडे परत गेले, त्याची नोंद कोषाध्यक्षांनी आवर्जून करायला लावली. २७ फेब्रुवारीला सकाळी ११ ला मी संस्थेच्या कार्यालयात पडद्यापुढे बसलो होतो. सरासरीकडे पाहत नव्हतो. सर्वांत मंद पाच टक्के विनंत्यांचा आलेख समोर होता. ११ ला तो वर चढला, अर्ध्या सेकंदाच्या जवळ गेला, आणि तिथेच राहिला. ११ वाजून १० मिनिटांनी सत्तरीच्या बाईंचा संदेश आला की सहाही संगणकांवर मुलांचा सातवा प्रश्न चालू आहे.

थोड्या वेळाने कार्यवाह शेजारच्या खोलीतून आले. त्यांच्या फोनवर मुखपृष्ठाचा तळ उघडा होता. ‘‘सर, हा आकडा मिनिटभर हलत नाही आणि मग एकदम हजारांनी उडी मारतो. बिघडला की काय?’’